खालच्या आजोबांना काय लिहायचं?

ताई,

मी मुलुंड पूर्वेला राहते. वय ३८, नोकरी करते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सुभेदार काका राहतात, साताऱ्याकडचे. सैन्यात २८ वर्षं होते, १९९८ साली निवृत्त झाले. श्रीलंकेतही होते म्हणे. आता पंचाहत्तरीला आलेत. माझे बाबा होते तोवर त्यांच्याकडे येणंजाणं होतं. आता जिन्यात भेटले तर ‘काय काका, बरं आहे ना’ एवढंच.

सप्टेंबरमध्ये सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. काकांनी उभं राहून विचारलं, गेटवरची वही कोणी लिहीत का नाही आणि गच्चीच्या दुरुस्तीचा हिशोब फलकावर का लागला नाही. एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात. सेक्रेटरींचा मुलगा म्हणाला, “काका, हा मिलिटरी कॅम्प नाहीये. आम्हाला जरा मोकळेपणाने जगू द्या.” सगळे हसले. मीही हसले. काका खाली बसले आणि सभा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

२६ जानेवारीला कमिटीने ठरवलं, काकांच्या हस्ते झेंडावंदन आणि त्यांना शाल-श्रीफळ. त्यांनी नको म्हणून सांगितलं. मागच्या रांगेत, उन्हात, सावधानमध्ये उभे राहिले आणि राष्ट्रगीत संपलं तसे घरी गेले. चहालाही थांबले नाहीत.

आता माझ्या लेकीला, सहावीत आहे ती, शाळेत ‘सैनिकास आभारपत्र’ लिहायला सांगितलंय. तिने लिहिलं, ‘तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो.’ आणि मला विचारलं, “आई, हे खालच्या आजोबांना देऊ का?” मला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. मी त्यांची माफी मागावी का? आणि आभार तरी कसे मानायचे? आपल्या घरात कोणी कोणाला थँक्यू म्हणत नाही.

– तिसऱ्या मजल्यावरून

*

‘मीही हसले,’ हे तुम्ही लिहिलंत. वगळलं असतंत तरी मला कळलं नसतं. त्या दोन शब्दांपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची गाठ तिथेच बसली आहे असं मला वाटतं.

त्या सभेत काका काय करत होते ते पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. एक सभासद उभा राहून हिशोब मागत होता. सोसायटीची सभा, कामगारांची युनियन, मोर्चा, पेपरात वाचकांचं पत्र, निवडणुकीत कोणाच्या तरी प्रचाराला जाणं, हे सगळं मुंबईत वाढलेल्या माणसाच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं की हा हक्क आहे, कोणाला तो नसूही शकतो, हे मनातसुद्धा येत नाही. तुमच्या काकांना २८ वर्षं यातलं बहुतेक काही करता येत नव्हतं. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे, शिस्त राहावी आणि कर्तव्य नीट पार पडावं यासाठी सैन्यातल्या माणसांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. सैन्य कायदा, १९५० याच्या कलम २१ मध्ये त्या मर्यादा आल्या. परवानगीशिवाय कोणत्याही संघटनेत जायचं नाही, राजकीय सभेला किंवा निदर्शनाला जायचं नाही, वर्तमानपत्रात काही द्यायचं नाही. आपण रोज वापरतो ते हक्क आपण वापरणार नाही, हे कबूल करून माणूस ती वर्दी अंगावर चढवतो. जिवाची जोखीम सगळ्यांना ठाऊक असते. ही दुसरी किंमत फारशी कोणी मोजत नाही.

आणि मग तो माणूस निवृत्त होतो, मुलुंडला घर घेतो, सोसायटीचा सभासद होतो आणि सभेत उभा राहून दोन प्रश्न विचारतो. सेक्रेटरींचा मुलगा मोकळेपणाबद्दल बोलला. त्या दिवशी त्या खोलीत मोकळेपणाने बोलायला उभा राहिलेला माणूस एकच होता, आणि सगळ्यांनी मिळून त्याला हसून खाली बसवलं. मला तुम्हाला टोचून बोलायचं नाही. पण हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढचं काही नीट होणार नाही.

जाता जाता आठवलं म्हणून सांगते. हे हक्क ज्या घटनेने आपल्याला दिले, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष सुभेदार रामजींचे चिरंजीव होते आणि परळच्या चाळीत राहून शिकले. ‘सुभेदार’ या शब्दाला आपल्या शहरात हा एक जुना मान आहे. सेक्रेटरींच्या मुलाला कोणीतरी हे प्रेमाने सांगायला हवं.

शाल-श्रीफळ त्यांनी का नाकारलं, याचं मला काही कोडं वाटत नाही. सप्टेंबरमध्ये ज्यांनी बसवलं, त्यांनीच जानेवारीत पुढे बोलावलं. मधल्या चार महिन्यांत तो गच्चीचा हिशोब फलकावर लागला का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे लागला नसावा. प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही आणि खांद्यावर शाल घालायची, हे त्या माणसाने स्वीकारलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. तरीही ते झेंडावंदनाला आले, हे विसरू नका. कमिटीवरचा राग त्यांनी झेंड्यावर काढला नाही.

आता आभारांचं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आईने ताट वाढलं म्हणून तिला धन्यवाद म्हणालो तर ती म्हणेल, ‘मी काय परकी आहे का?’ पण आपल्याकडे त्यासाठी दुसरा शब्द आहे, आणि तो आपल्या आया-आज्यांनी आपल्याला शंभरदा ऐकवलेला आहे. ‘त्यांनी आपलं केलंय, त्याची जाण ठेव.’ आभार एकदा मानले की माणूस मोकळा होतो. जाण ठेवावी लागते, वर्षानुवर्षं. आणि ठेवायची तर आधी जाणून घ्यावं लागतं.

तुम्हाला काकांबद्दल काय काय ठाऊक आहे? साताऱ्याकडचे, सुभेदार, २८ वर्षं, एक कान अधू. आणि श्रीलंकेत होते ‘म्हणे’. तुमच्या पत्रातला तो ‘म्हणे’ मला खुपला. एकाच जिन्याने जाता-येता तुम्ही.

लेकीचं वाक्य घ्या. सीमेवर जागता वगैरे. श्रीलंका ही काही आपली सीमा नव्हे. जुलै १९८७ मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि शांतिसेना म्हणून आपलं सैन्य समुद्र ओलांडून जाफन्याकडे गेलं. शांतता राखायला गेलेल्या जवानांना ऑक्टोबर उजाडता उजाडता लढाईच करावी लागली, अनोळखी मुलखात, पेरलेल्या सुरुंगांमधून वाट काढत. शेवटची तुकडी परतली ती मार्च १९९० मध्ये. सुमारे १,२०० जण परत आले नाहीत. त्या मोहिमेतलं परमवीर चक्र मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर मिळालं. २५ नोव्हेंबर १९८७ ला ते धारातीर्थी पडले. जन्म मुंबईचा, पलटण महार रेजिमेंटची. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? कारगिल मुलांना पाठ असतं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. श्रीलंकेहून परतलेले एक गृहस्थ मला एकदा म्हणाले होते, “गावात लोक विचारायचे, लंकेला कशाला गेला होतास? मी काय सांगणार? हुकूम होता, गेलो.” तुमचे काका तिथे खरंच होते का, होते तर कधी, कुठे, हे तुमच्या घरात कोणालाच माहीत नसेल, तर लेकीचं ते वाक्य त्यांच्या हातात देऊन काय उपयोग? ते वाचतील, ‘छान’ म्हणतील आणि घडी करून ठेवतील.

जाणून घ्यायचं म्हणजे काय विचारायचं, हेही सांगते, कारण माझी इथे एकदा मोठी चूक झाली आहे. माझा थोरला मामा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात होता. सुट्टीवर आला की परळच्या आमच्या खोलीत उतरायचा. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर. सियाचिनहून आला त्या वर्षी जेवताना मी त्याला विचारलं, “मामा, तू कोणाला मारलंस का रे?” त्याने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आमची ताटं उचलून झाली तरी तो आत आला नाही. आईने मला रागावलंसुद्धा नाही, नुसतं पाहिलं.

पुढे तो निवृत्त झाला. एका दुपारी मी चहा टाकत होते, तो मागे पाटावर बसला होता. मी सहज म्हणाले, “मामा, तिथे वर चहा कसा करायचात?” आणि मामा दोन तास बोलला. पाणी नाहीच, बर्फ फोडून डब्यात भरायचा. डबाभर बर्फ वितळला की तळाला चार बोटं पाणी. रॉकेलचा स्टो, त्याचा धूर तंबूत कोंडलेला, सकाळी थुंकलं की काळं. इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही, त्यामुळे पत्ती उतरतच नाही. चहाला रॉकेलचा वास, आणि मग ओठाला लावेपर्यंत कोमट. तरी त्या मगाची वाट बघायची. सांगता सांगता तो म्हणाला, “आमच्यातला एक पोरगा स्वतःचा मग घेऊन सगळ्यात आधी यायचा. एके दिवशी तो आला नाही.” एवढंच. पुढे पुन्हा स्टोची पिन आणि रॉकेलचे कॅन. मी काही विचारलं नाही. चहा माझ्यासमोर गार झाला होता, मी तो तसाच प्यायले.

तेव्हा चहाचं विचारा. ट्रंकेचं विचारा. भरतीला कोणाबरोबर गेले होते, लंगरमध्ये काय मिळायचं, पहिल्या सुट्टीला गावी पोचायला किती दिवस लागले, गाडी कुठे कुठे बदलली. लढाईचं त्यांना सांगायचं असेल तर ते त्यातूनच येईल, त्यांच्या वेळेने. नाही आलं तर नाही.

मी स्वतः आठ वर्षांची असताना युद्ध पाहिलं, म्हणजे मुंबईतून जेवढं दिसलं तेवढं. डिसेंबर १९७१. खिडक्यांच्या काचांना खळीने काळा कागद चिकटवलेला, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. सायरन झाला की आई स्टो बंद करायची आणि भात अर्धा कच्चा राहायचा. आम्हा पोरांना त्या अंधाराची मजाच वाटायची. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ९ डिसेंबरला, मुंबईहून निघालेली आपली युद्धनौका खुकरी दीवजवळच्या समुद्रात बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आलेच नाहीत. युद्ध संपल्यावर आईने कागद ओला करून खरवडून काढला. काचेच्या कडांना खळीचे पांढरे डाग कितीतरी दिवस होते. खुकरीतली ती माणसं कोण होती, त्यांच्या घरी काय झालं, हे विचारायला मला मोठं व्हावं लागलं.

आपल्या शहराला कृतज्ञता येत नाही, असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नाविक केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची वागणूक याविरुद्ध संप पुकारला. पाहता पाहता उठाव ७८ जहाजांवर पोचला, सुमारे २०,००० खलाशी त्यात होते. इंग्रजांनी त्यांचं अन्न तोडलं, तेव्हा मुंबईची माणसं गेटवेवर डबे आणि फळं घेऊन आली. दुकानदार सांगत होते, लागेल ते उचला आणि पोरांना द्या. लालबाग-परळच्या गिरण्या त्यांच्यासाठी बंद पडल्या आणि रस्त्यावरच्या गोळीबारात दोनशेच्या वर माणसं मेली. हे शहर त्या खलाशांसाठी रक्त सांडून उभं राहिलं. पण उठाव मोडला, शेकडो खलाशांना नौदलातून काढून टाकलं, आणि दीड वर्षाने स्वातंत्र्य आलं तेव्हा ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. गेटवेवर डबा घेऊन जाणं लोकांना जमलं. नंतर तो खलाशी कुठल्या खोलीत राहतो, त्याची चूल पेटते का, हे बघायला कोणी गेलं नाही. आपलं घोडं दर वेळी याच ठिकाणी अडतं. वेळ आली की मुंबईकर धावतात, पण नंतरच्या चाळीस वर्षांत काय करायचं ते आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

नंतरचं काम अगदी बारीकसारीक असतं. तुमच्या काकांच्या घरात ते आत्ता काय असेल, याचा मला अंदाज आहे, कारण मामाच्या घरी मी ते केलं आहे.

दर वर्षी नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की भागायचं. आता सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते. मोबाईलवर चेहरा दाखवा, ओटीपी टाका, पासवर्ड बदला. जेमतेम ऐकू येणाऱ्या माणसाला फोनवरून कोणी काही समजावतं आणि त्याला ते कळत नाही, हे मी पाहिलं आहे. तुमच्यासाठी ते दहा मिनिटांचं काम आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी खाली जा आणि म्हणा, “काका, दाखल्याचं माझ्या फोनवर करून टाकू का?”

दुसरं जरा नाजूक आहे, ते काकूंशी बोला. पेन्शनच्या कागदावर, पीपीओवर, काकूंचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना? त्या पिढीत लग्नाआधीचं नाव वेगळं, गावच्या दाखल्यावर वेगळं, आधार कार्डावर तिसरंच असतं. काका आहेत तोवर त्याचं कोणाला काही वाटत नाही. ते गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी ती बाई एका अक्षरावरून वर्षभर खेटे घालत राहते. दुरुस्ती काका हयात असतानाच करून घ्यायची असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मदत मिळते. मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची अशी कार्यालयं आहेत. माझ्या मामीच्या बाबतीत आम्ही उशीर केला. तेव्हाचे महिने आठवले की अजून स्वतःचा राग येतो.

तिसरं, दवाखाना. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी घ्यायची. कधी कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात जावं लागतं. मुलुंडहून पाऊण तास-तासाची लोकल, पुढे बस, मग रांग, मग पुन्हा दुसरी रांग. नाव पुकारलं तर एका कानाने ऐकू येत नाही. रजेचा एक दिवस काढून त्यांच्याबरोबर जा. कानाचं यंत्र घेतलंय का तेही त्या निमित्ताने कळेल.

आणि काकू. तुमच्या पत्रात त्या आल्याच नाहीत. २८ वर्षं त्यांनी काय केलं ते विचाराल? माझ्या मामीकडे मामाची पत्रं यायची त्यांवर पत्ता ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. नवरा नेमका कुठे आहे, पत्त्यावरून समजायचं नाही. मुलांची आजारपणं, सासऱ्यांचं पडणं, शेताची मोजणी, भावकीची भांडणं, सगळं तिने एकटीने निभावलं आणि पत्रात लिहिलं, ‘इकडे सर्व क्षेम.’ मामा म्हणायचा, तिने एकदा जरी खरं लिहिलं असतं तर मी तिथे उभा राहू शकलो नसतो. काकूंशी बसून बोलाल तेव्हा घाई करू नका. त्यांना कोणीच शाल देऊ केलेली नाही.

एक गोष्ट मात्र बिल्डिंगमध्ये होत असेल तर थांबवा. ‘काका, भाच्याचं लग्न आहे, कॅन्टीनमधून चार बाटल्या बघा ना.’ ‘काका, मिक्सर तुमच्या कार्डावर स्वस्त पडेल.’ कॅन्टीनची वस्तू त्यांच्या स्वतःच्या घरासाठी असते. ती दुसऱ्याला द्यायला परवानगी नाही, आणि पकडलं गेलं तर कार्ड जातं ते त्यांचं. जन्मभर नियमाने चाललेल्या माणसाला आपण हसत हसत नियम मोडायला सांगतो आणि तो नाही म्हणाला की ‘फार कडक आहेत’ म्हणतो. वर्षातून एकदा मिलिटरीची आठवण येते ती या कारणासाठी, अशी घरं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

गेटवरच्या वहीचंही बोलू. काका उगाच हट्ट करतात असं तुम्हाला वाटत असेल तर गिरगाव चौपाटीवर जा. तुकाराम ओंबळे यांचा पुतळा तिथे आहे. सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन ते मुंबई पोलिसांत आले होते. जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, म्हणजे तुमच्या काकांच्या मुलखातलेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात फक्त काठी होती. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांना अशोकचक्र मिळालं. रविवारी संध्याकाळी तिथे मुलं वाळूत खेळतात, कोणी भेळ खातं, कोणी नुसतं समुद्र बघत बसतं. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय यावर डोळा ठेवणं ही त्या माणसांची सवय असते, आणि निवृत्तीच्या दिवशी ती वर्दीबरोबर जमा करता येत नाही. तुमच्या लेकीच्या येण्याजाण्यावर खाली कोणाचं तरी लक्ष आहे, हे तुम्हाला ऑफिसमध्ये बसून बरं वाटत नाही का?

याचा अर्थ काका म्हणतील ते सगळं मान्य करा, असं नाही. गच्चीला रात्री आठला कुलूप लावा म्हणाले आणि तुम्हाला ते पटलं नाही, तर सभेत उभं राहून विरोध करा, पुरेसा वाद घाला. त्यांना तेच आवडेल. कोणी वाद घालत नाही, हसतात किंवा हार घालतात, याचाच त्यांना त्रास होत असणार.

माफी मागायचीच. आधी एकट्या जा, लेकीला नंतर न्या. रविवारी सकाळी, काका पेपर वाचत असतील तेव्हा. सांगायचं एवढंच, “काका, सभेत मी हसले. माझं चुकलं.” सगळेच हसत होते, तसं काही मनात नव्हतं, हे जोडू नका. ते ‘अगं, त्यात काय’ म्हणतील. त्यावर लगेच उठू नका. काकूंनी चहा विचारला तर हो म्हणा.

दुसरी गोष्ट कमिटीला लेखी द्या, तुमच्या सहीने. गच्चीच्या दुरुस्तीचा हिशोब फलकावर लावा, आणि सुभेदारांनी सभेत विचारलेले दोन्ही प्रश्न इतिवृत्तात आले आहेत का ते दाखवा. पुढची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागेल. तिथे काका उभे राहिले आणि कोणी हसलं, तर तुम्ही उभ्या राहा. तुम्हाला भाषण करावं लागणार नाही. “त्यांचं पूर्ण होऊ द्या” एवढं चार शब्दांचं वाक्य पुरे. तुमच्या घरातून त्या माणसाला द्यायचा मान तो आहे.

आता लेकीचं पत्र. तिचं ते वाक्य खोडू नका, तिला ओरडू तर मुळीच नका. ते तिने कुठून तरी ऐकलेलं आहे, आपणच ते चहूकडे पसरवलं. तिला फक्त विचारा, २६ जानेवारीला तू खालच्या आजोबांना पाहिलंस का? काय दिसलं? मुलं जे बघतात ते आपल्याला दिसत नाही. कदाचित ती सांगेल की सगळ्यांनी सावली धरली होती आणि आजोबा उन्हात होते. कदाचित त्यांच्या चपलांचं काही सांगेल, ताठ बोटांचं काही सांगेल. ते लिहू दे. मग तिला वही-पेन्सिल घेऊन खाली जाऊ दे आणि तिचे प्रश्न तिला विचारू दे. जोराने बोल, आजोबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बस, एवढं तिला आधी सांगा. जे कळेल ते पत्रात घालू दे. चार दिवस लागले तर लागू देत, शाळेला मी कळवते म्हणावं.

मूळ पत्र काकांना द्या, शाळेत झेरॉक्स द्या. आणि ७ डिसेंबरला ध्वजदिनाचं स्टिकर शाळेत मिळतं ना, १९४९ पासून हा दिवस पाळतात, ते पैसे माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी जातात, हे तिला आजोबांकडूनच समजून घेऊ दे. स्टिकर शर्टाला लावून ती खाली उतरली की बघा ते काय करतात.

चहाचा प्रश्न मात्र तिच्या यादीत पहिला लिहा. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा. मी वाट बघते.